टर्बो की सुपरचार्जर

कळंब,
कोजागिरी झाल्यानंतरचा सोमवार

प्रिय रोहिदास,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता दुकानातल्या पोराकडून लिहून घेतला आणि मागे दुकानाचा शिक्का मारला. पट्ट्याचं किंवा प्लगचं काहीतरी असेल असं समजून तरी उघडशील. उघडलं असलंस तर आता शेवटपर्यंत वाच. तू घरचा फोन घेत नाहीस, दुकानाचाही घेत नाहीस. दुसरा मार्ग राहिला नाही.

तिकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमचा शिळफाट्याला स्पेअर पार्टच्या दुकानात फोन आला होता. मी काउंटरवर होते, समोर एक टेंपोवाला क्लच प्लेटसाठी हुज्जत घालत होता. मॅडम म्हणाल्या की दवाखान्याला बर्फावर चालणारी नवीन स्नोमोबाइल मिळाली आहे, कुठल्याशा ट्रस्टने दिली. पण त्या उंचीवर कंपनीचं इंजिन दम टाकतं. त्याला टर्बो बसवायचा की सुपरचार्जर, हे रोहिदासला किती वेळा विचारलं, तो खाली बघतो आणि 'आहे तशी राहू दे' एवढंच म्हणतो. जुन्या मशीनवरचाही टर्बो तू काढून टाकलास, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. गेल्या हिवाळ्यात ते मशीन खिंडीच्या खालच्या चढावर थांबायचं, मग पेशंटला मागे बांधलेल्या स्लेजवरून उतरवून खांद्यावर घ्यावं लागायचं. एक म्हातारा तसाच माणसांच्या खांद्यावर गेला, असं त्या म्हणाल्या. 'तुझं ऐकेल तो, तू विचार,' असंही म्हणाल्या. तू माझ्याशीही बोलत नाहीस, हे त्यांना ठाऊक नसावं. मी 'बघते' म्हटलं आणि टेंपोवाल्याला भलतीच प्लेट दिली.

ती सगळी भांडणं माझ्या डोळ्यांसमोर आली. आमच्या ओट्यावर बसून तू आणि दादा, दोघांनी किती घसा कोरडा केला होता! दवाखान्याच्या कामावर पहिला हिवाळा तिकडे काढून तुम्ही खाली आला होतात, दोघांचीही नाकं सोललेली. आप्पांना काही केल्या कळेना की बर्फावर गाडी चालते कशी. दादाने मग जमिनीवर खडूने काढून दाखवली. पुढे दोन फळ्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा, वर स्कूटरसारखं बसायचं आणि अंगठ्याने रेस द्यायची. आप्पा म्हणाले, मग आपल्या चिखलात पण चालंल. तू हसून म्हणालास, चालेल, पण वर हवाच पातळ आहे, तिथे माणसाला धाप लागते तशी इंजिनलाही लागते. त्याच्या छातीत जबरदस्तीने हवा भरावी लागते. ती कशाने भरायची, यावर तुमचं जुंपायचं.

दादाला सुपरचार्जर हवा होता. तो इंजिनच्याच फिरण्यावर चालतो, थोडी ताकद स्वतः खातो, पण अंगठा दाबला की त्याच क्षणी उत्तर देतो. मऊ बर्फात मशीन थबकलं की रुतलंच, म्हणून मला लगेच उत्तर देणारी वस्तू पाहिजे, असं तो म्हणायचा. तू टर्बोवर अडलेला. घाट चढणाऱ्या ट्रकांचे टर्बो खोलून-जोडून तुझा हात बसला होता. तू म्हणायचास, टर्बो फुकट जाणाऱ्या धुरावर फिरतो, आणि जितकं वर जाशील तितका जास्त फिरून हवेची तूट भरून काढतो. सुपरचार्जरचं फिरणं ठरलेलं, खिंडीपर्यंत पोचेतो तोही धापा टाकेल. दादा म्हणायचा, पण तुझा टर्बो जागा व्हायला वेळ घेतो आणि मग एकदम ढकलतो, त्या मधल्या क्षणात मी काय करू? आई पोह्यांच्या बश्या ठेवून जायची आणि पोहे थंड व्हायचे. शेवटी कसं ठरलं ते तुला आठवतं की नाही मला माहीत नाही, मला आठवतं. दुसऱ्या वर्षी वर गेल्यावर दादाने शेजारच्या खोऱ्यातल्या लोकांचं सुपरचार्जरवालं मशीन मागून घेतलं आणि खिंडीपर्यंत नेऊन आणलं. त्याच संध्याकाळी मला फोन करून म्हणाला, रोहिदास बरोबर होता गं, खाली वाघ आणि खिंडीत मांजर, टर्बोच बसवू. सुटा माल मीच इथून मागवून पाठवला. हे सगळं अशासाठी लिहिते की तुझ्या डोक्यात आता फक्त तू टर्बोवर अडला होतास एवढंच उरलं आहे. निवड त्याची होती. चालवणार तो होता, आणि चालवून बघून त्याने निवडलं होतं.

तो गेला त्या दिवसाचं मला जे माहीत होतं, ते सगळं तू सांगितलेलं. वरच्या गावातली बाळंतपणात अडलेली बाई त्याने स्लेजवरून खिंडीपार नेली, पलीकडच्या हॉस्पिटलात पोचवली आणि एकटा परत निघाला. खिंड उतरल्यावर डावीकडच्या उतारावरचा बर्फ सुटला आणि त्याच्यावर आला. तुम्ही त्याला काढलंत तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हतं, उजव्या हातात मोजा नव्हता. बर्फाने ओरबाडून नेलं असेल, असं तू म्हणालास. आणि मग सगळ्यांसमोर ते एक वाक्य बोललास.

खालापूरच्या टोलनाक्यावर आम्ही ॲम्ब्युलन्सची वाट बघत उभे होतो. आप्पा, गजाकाका, गावातली चार माणसं, आणि मी. बायकांनी थांबू नये म्हणत होते, पण मी हलले नाही. गाड्या येत होत्या, पावत्या फाडून जात होत्या, लोक वडापाव खात होते. तुझी गाडी आली आणि तू पुढच्या सीटवरून उतरलास. तुझे ओठ काळे पडले होते. तू सरळ येऊन आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलंस आणि म्हणालास, "आप्पा, मी मारला त्याला. माझ्या टर्बोनं मारला." मी आप्पांकडे बघत होते. मला वाटलं आता ते तुला उठवतील. ते ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दाराकडे बघत राहिले. गजाकाकाने तुला दंडाला धरून बाजूला केलं. जाळून झाल्यावर तोच तुला म्हणाला ना, पुन्हा आमच्या दारात दिसू नको? मला नंतर कळलं. आप्पा तेव्हाही जवळच उभे होते आणि काही बोलले नाहीत.

नंतर एकदाच तू माझा फोन घेतलास. तेव्हा सगळं मांडून सांगितलंस, जसं काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असावं. तो उताराखाली आला असेल, वर काहीतरी हललेलं त्याला दिसलं असेल, त्याने अंगठा दाबला असेल, टर्बो उशिरा जागा झाला असेल, मग सगळी ताकद एकदम आली, पट्ट्याने बर्फ खणला आणि मशीन जागच्या जागी बसलं. सुपरचार्जर असता तर तो निघून गेला असता. मी म्हटलं, तू तिथे नव्हतास. तू म्हणालास, मला इंजिन माहीत आहे. मी फोन ठेवला, कारण मलाही ते खरं वाटलं होतं. तुझ्यावर राग नव्हता, पण खरं वाटलं होतं. आपलं लग्न वैशाखात ठरलं होतं, त्याचं नाव नंतर कुणी काढलं नाही. मोडलं असंही कुणी म्हणालं नाही. आईने माझ्यासाठी घेतलेली साडी कपाटात खालच्या कप्प्यात गेली, एवढंच.

घरचं सांगते. आईचे गुडघे गेले आहेत, पण ती चालते. शेत या वर्षी आम्ही अर्धंच लावलं. रस्त्याकडचा तुकडा रिसॉर्टवाले मागतात, आप्पा देत नाहीत आणि कसतही नाहीत. आप्पा दादा गेल्यापासून फोनला हात लावत नव्हते. घरात कुणाचाही फोन वाजला की उठून मागच्या अंगणात जायचे, वाजायचा थांबला की परत यायचे. आम्ही समजायचो, ती बातमी फोनवर आली म्हणून धसका घेतला असेल. आई तर पाहुण्यांनाही सांगायची, यांच्यासमोर फोन नका काढू.

डॉक्टर मॅडमचा फोन आला त्या संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं. मुद्दाम नाही, आईने विचारलं आज उशीर का झाला म्हणून. रोहिदासने टर्बो काढून टाकला आहे, नवीन मशीनला काही बसवायला तयार नाही, तिथे पेशंट खांद्यावरून नेतात, एक जण वाटेतच गेला. आईने डोळे पुसले. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून हात धुतले.

सकाळी मी स्कूटी बाहेर काढत होते. आई पाण्याला गेली होती. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "पोरी, थांब जरा. बस हितं." मी म्हटलं, उशीर होतोय. ते म्हणाले, बस. मी हेल्मेट हातात घेऊन त्यांच्यासमोर बसले, आणि त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी दादाने त्यांना फोन केला होता, रोहिदास. खिंड उतरल्यावर रेंज मिळते ती एकच जागा आहे, हे तूच मला सांगितलं होतंस, कारण तूही मला तिथूनच फोन करायचास. आप्पा अंगणात वालाच्या शेंगा वाळत घालत होते. आई शेतावर होती, मी दुकानात. दादा खुशीत होता. त्या बाईला मुलगी झाली, दोघी नीट आहेत, हे त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. पण आप्पांचा डावा कान गेलेला, उजव्याला जेमतेम, आणि पलीकडे मशीन चालू. त्यांना घरघर सोडून काही ऐकू येईना. दादा ओरडून ओरडून सांगत होता. तेव्हा आप्पा म्हणाले, "मशीन बंद कर रं, काय बी आयकाया येत नाय."

दादा म्हणाला, थांबा. मग आवाज बंद झाला. मग तो म्हणाला, "आता येतंय का आप्पा?" आप्पा म्हणाले, "आता आयकू येतंय." त्याने मुलीचं सांगितलं. वाल किती झाला, विचारलं. यंदा मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावाल तेव्हा मी नाही, माझ्या वाटणीचं रोहिदासच्या आईकडे पोचवा, असं म्हणाला. मग बोलता बोलता थांबला. आप्पा म्हणतात, रस्त्याच्या कामावर डंपर खडी ओततो ना, तसा आवाज आला, लांबून. दादा फक्त "आप्पा" म्हणाला. मग फोन कटला. आप्पांना वाटलं, रेंज गेली. त्यांनी फोन कोनाड्यात ठेवला आणि शेंगा उलथत बसले.

हेल्मेट आणि मोजा बर्फाने ओरबाडून नेले नव्हते. त्याने स्वतः काढले होते, फोन कानाला लावायला. मशीन बंद होतं. त्याने अंगठा दाबला नाही, टर्बो उशिरा जागा झाला नाही, पट्टा रुतला नाही. तू जे सगळं पाहिल्यासारखं सांगितलंस, त्यातलं काहीच घडलं नाही.

मी आप्पांना विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलंत? मला वाटलं होतं ते रडतील. ते रडले नाहीत. म्हणाले, "मी टोलनाक्यावर सांगणार व्हतो. तेवढ्यात त्यो पायाशी पडून बोलला, मी मारला. मंग मला वाटलं, असंल. कोनीतरी बोललं ना. मला बोलाया नको." पुढे म्हणाले, "मंग रोज वाटायचं, उद्या सांगू. मंग तू दिसायचीस. तुझ्याकडं बगून तर तोंडच उघडायचं नाय."

मी उठले, स्कूटी चालू केली आणि दुकानात गेले. दिवसभर काम केलं. संध्याकाळी परत येताना कर्जतच्या अलीकडे थांबले आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिले. दोन वर्षं. तू तिकडे एकटा, मी इकडे, आणि या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने एक वाक्य बोलायला हवं होतं. गजाकाका तुला दारातून हाकलत होता तेव्हा तरी बोलायला हवं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी आप्पांशी बोलले नाही. ताट वाढून ठेवायचे आणि निघून जायचे. तुझ्या आईकडे मात्र मी दुसऱ्याच दिवशी गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आता त्याला कळव. त्यांनी आप्पांना एक शब्द लावला नाही. तेही मला सहन झालं नाही. गजाकाकालाही सांगितलं आहे. तो मान खाली घालून ऐकत होता. आईला फक्त अजून सांगितलेलं नाही. ते आप्पांनी सांगायचं आहे, आणि त्यांच्याने होत नाही.

नवीन मशीनचं म्हणशील तर टर्बो आणि सुपरचार्जर, दोन्हींचा माल यायला तयार आहे, तू म्हणशील ते मी आजच मागवीन. माझं विचारशील तर टर्बो. दादाने खिंडीपर्यंत चालवून बघून तेच सांगितलं होतं, आणि ती खिंड काही खाली आलेली नाही. पण बसव, काहीही बसव. माणसं खांद्यावर नेऊ नका.

एवढंच असतं तर मी हे मॅडमच्या फोनवरून तुझ्या कानावर घातलं असतं. लिहायचं कारण वेगळं आहे. सांगून टाकल्यापासून आप्पा ओट्यावरून उठत नाहीत. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासलं, शरीरात काही नाही म्हणाले. खाणं चार घासांवर आलं आहे. मी दारातून आत-बाहेर केलं की एकच विचारतात, "मशीन चालू असती तर निसटला असता का गं त्यो?" मी स्पेअर पार्ट विकते म्हणून मला माहीत असेल असं त्यांना वाटतं. मी 'नाही' म्हटलं, दहादा म्हटलं. ते म्हणतात, तुला काय कळतंय, रोहिदासला इचार, त्याला इंजिन माहीत हाय. तेव्हा तू ये. खिंड बंद व्हायच्या आत ये. आमच्या घराने तुझं जे केलं त्यानंतर हे मागायचा आम्हाला हक्क नाही, हे मला कळतं. माझ्यासाठी ये असं मी म्हणत नाही, त्याचं काय करायचं ते आपण मागाहून बघू, किंवा नाही बघणार. तू उतार पाहिला आहेस, त्यावरचा बर्फ किती वेळात खाली आला असेल याचा हिशोब तुझ्या मनात आत्ताच सुरू झाला असेल. त्याचं उत्तर 'हो' आलं तर ते मलाही सांगू नकोस. त्यांच्यासमोर बस, उजव्या कानाशी बोल, आणि 'नाही' म्हण.

तुझी,
सुनिता